तिसऱ्या दिवसाचा राउंड

सेप्टिक शॉकचा पेशंट आयसीयूत आला की अँटिबायोटिकवरून फारशी चर्चा होत नाही. रक्तदाब घसरलेला, लघवी आटलेली, माणूस बरळतोय. पहिला डोस तासाभरात शिरेत जायलाच हवा. जंतू कोणता ते ठाऊक नसतं, म्हणून मेरोपेनेमसारखं भारी औषध देतो, आणि ते बरोबरच आहे. शॉकमधल्या माणसासमोर समाजाचा हिशोब मांडत बसणं मला मान्य नाही. फक्त डोसाआधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं: दोन वेगळ्या जागांहून, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसून, ती वाळेपर्यंत थांबून. घाईत नेमकं हे वाळणंच राहतं. मग कातडीवरचा जंतू बाटलीत उतरतो आणि नसलेल्या आजारावर औषध चालू राहतं.

खरी कसोटी तिसऱ्या दिवशीच्या राउंडला लागते. रिपोर्ट आलाय: ई. कोलाय, सेफ्ट्रिअॅक्सोनला सेन्सिटिव्ह. आपल्याकडे असा रिपोर्ट मिळणं म्हणजे नशीबच. ताप उतरलाय, रक्तदाब टिकवणारं औषध सुटलंय. आता मेरोपेनेम थांबवून साधं सेफ्ट्रिअॅक्सोन लावायचं. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "चांगलं चाललंय ना सर, कशाला हात लावायचा?" औषध बदललं आणि रात्री ताप आला, तर बोल आपल्याला लागतो. चालू ठेवलं आणि महिन्याभराने पलीकडच्या खाटेवर कशालाच दाद न देणारा क्लेबसिएला जंतू निघाला, तर आपलं नावही कोणी घेत नाही. त्या पलीकडच्या माणसाने कुठल्याही संमतीपत्रावर सही केलेली नसते. शिवाय भारी औषधाच्या व्हायलवरची छापील किंमत आणि हॉस्पिटलची खरेदीची किंमत यांत बरंच अंतर असतं. राउंडला हा विषय निघत नाही.

बाहेर बाकावर मुलगा. "साहेब, बाबांना हलकं औषध का लावलं? पैशाची काळजी करू नका." या जंतूवर हे औषधही तेवढंच लागू पडतं, हे त्याला खाली बसून सांगावं लागतं. पाच मिनिटं जातात. ती न देता भारी औषध चालू ठेवणं सोपं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच होतं.

सगळ्यात अवघड गोष्ट कोलिस्टिनची. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध, दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आलं. कोंबड्यांच्या खाद्यातही ते जात होतं. त्या वापरावर सरकारने 2019 मध्ये बंदी घातली. आमच्याकडे मात्र पेशंट जाणार हे सगळ्यांना कळलंय, घरच्यांशी बोलून डायलिसिस करायचं नाही असं ठरलंय, तरी कोलिस्टिनचा डोस वेळेवर चढतो. व्हेंटिलेटर काढण्याबद्दल बोलायला निदान 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार मिळतो. अँटिबायोटिक बंद करू या असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ते चालू ठेवणं निरुपद्रवी वाटतं. ते निरुपद्रवी नाही. त्या माणसाला त्यातून आराम मिळत नाही, आणि वॉर्डात उरलेल्या जंतूंना सराव मिळतो. अशा वेळी ते थांबवणं हाच माझ्या मते योग्य उपचार.

तुमचं माणूस आयसीयूत असेल, तर "सगळ्यात भारी औषध द्या" म्हणू नका. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारा: कल्चरमध्ये काय आलं, आणि कोणतं अँटिबायोटिक आज बंद करताय?