आरोपीचे चित्त आणि तज्ज्ञाची साक्ष

न्यायालयाने आरोपीच्या मानसिक तपासणीचा हुकूम दिल्याची वार्ता प्रसिद्ध झाली की, आता हा वेडाचे सोंग घेऊन सुटणार, असा निष्कर्ष चावडीवर आणि दिवाणखान्यात सारख्याच तत्परतेने काढला जातो. त्याच्या मुळाशी दोन निरनिराळ्या प्रश्नांची गल्लत असते. कृत्य घडले त्या क्षणी आरोपीस त्याचे स्वरूप उमगत होते काय, हा प्रश्न जुन्या दंड संहितेच्या कलम 84 चा, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम 22 चा. आज न्यायासनासमोर त्यास आपला बचाव करता येईल काय, हा मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 आणि 368 चा. गुन्ह्याच्या वेळी पुरता भानावर असलेला मनुष्य पुढे कोठडीत भ्रमिष्ट होऊ शकतो.

रोगाचे नाव सांगूनही भागत नाही. स्किझोफ्रेनियाचा रोगी उपचारांमुळे वकिलास हकीकत नीट सांगू शकत असेल, तर त्याचा खटला चालतो. मनोविकारतज्ज्ञाचे प्रश्न दिसावयास अगदी साधे असतात: तुमच्यावर आरोप कोणता? सरकारी वकील कोणाच्या बाजूने बोलतात? साक्षीदार खोटे बोलला तर काय कराल? ‘माझ्या वकिलाला सांगेन’ असे म्हणणारा आणि ‘वकीलही त्यांनाच सामील, माझे विचार तो त्यांना कळवतो’ असे खात्रीने सांगणारा, यांच्यातील अंतर हाच तपासणीचा विषय होय. सोंगाविषयी म्हणाल, तर अर्ध्या तासाच्या मुलाखतीत ते वठविता येते, पण वॉर्डातील जेवणात, झोपेत आणि परिचारिकांच्या रोजच्या नोंदींत ते टिकविणे कठीण. तज्ज्ञ कधीच फसत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये.

निकाल डॉक्टर देतो, हीदेखील एक समजूतच. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारने नेमलेला वैद्यकीय अधिकारी दंडाधिकाऱ्यापुढे साक्षीदार म्हणून जबानी देतो, ती लेखी नोंदली जाते, मनोविकारतज्ज्ञाच्या मताविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते, आणि अखेरचा निर्णय न्यायालयाचाच असतो.

राहिला सुटकेचा प्रश्न. अपात्र ठरल्याने खटला तहकूब होतो, आरोप पुसला जात नाही. आणि ही तहकुबी शिक्षेहून जबर ठरू शकते. आसामातील एका आदिवासी तरुणास 1951 मध्ये अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. 1967 मध्ये तेथील डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळविले, तेव्हा घरी पाठविण्याऐवजी त्यास गुवाहाटीच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि खटला न चालताच तो सुटला 2005 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी. अशा प्रकरणांत कसूर तज्ज्ञाच्या अहवालात नसते, तो दप्तरात गेल्यावर पुढे कोणी वाचत नाही, यात असते. वस्तुतः 2008 च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्टच घातले आहे की, आरोपी असमर्थ ठरल्यास न्यायालयाने वकिलाचे म्हणणे ऐकून आधी कागदपत्रे तपासावीत, आणि सकृद्दर्शनी पुरावाच नसेल तर खटला लांबणीवर न टाकता त्यास आरोपमुक्त करावे.