माणसांनी उभं केलेलं जंगल

वीकएण्ड आला की आपल्या सगळ्यांच्या गाड्या महाबळेश्वर नाहीतर कासच्या रस्त्याला लागतात. मी मात्र हल्ली कराडहून सागरेश्वर गाठतो. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाला, देवराष्ट्रेला लागून.

गंमत म्हणजे हे जंगल आयतं मिळालेलं नाही! इथले डोंगर उजाड होते, बारमाही पाण्याचा पत्ता नव्हता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लागली, हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज पायवाटेने चालताना चितळ, सांबर, काळवीट दिसू शकतात. वर चढलात की खाली कृष्णाकाठचे उसाचे मळे.

पण हीच हरणं कुंपणाबाहेर पडून शेतात घुसतात. आपल्या ‘वॉव’ची किंमत शेजारचा शेतकरी मोजतो, हे विसरू नका. तेव्हा आरडाओरडा नको, प्लॅस्टिक तर नकोच.

कसं जाल? कराडहून साधारण ३० किलोमीटर. रेल्वेने ताकारी स्टेशन जवळचं. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. पायथ्याची सागरेश्वराची जुनी देवळंही चुकवू नका.