कोटल्याच्या भिंतीपलीकडचा सामना

फिरोजशाह कोटला कुठे आहे, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये अनिल कुंबळेने पाकिस्तानचा अख्खा डाव, दहाच्या दहा गडी, एकट्याने तिथेच गुंडाळला होता. त्याच कोटल्याच्या शेजाराला आणखी एक मैदान आहे, त्याची मात्र ओळख करून द्यावी लागते. डॉ. आंबेडकर स्टेडियम. एका बाजूला दर्यागंज, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचा बहादूरशाह जफर मार्ग, आणि मध्ये फुटबॉलचं हे मैदान. रिक्षावाल्याला नुसतं ‘आंबेडकर स्टेडियम’ म्हटलं, तर तो बहुधा त्याच नावाच्या बस टर्मिनलवर नेऊन सोडतो.

या मैदानावर 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं ड्युरँड चषकाचा अंतिम सामना त्याच दोन संघांत झाला. एक मुंबईचा महिंद्रा युनायटेड, दुसरा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. पहिल्या वर्षी चर्चिलने 1-0 असा चषक नेला, दुसऱ्या वर्षी महिंद्राने 3-2 अशी परतफेड केली. मुंबई आणि मडगाव यांच्यातला हिशेब दिल्लीत चुकता होत होता, आणि महाराष्ट्रात त्याची खबरबात किती जणांना होती? त्या काळात आपण क्रिकेटच्या ट्वेंटी-20 विश्वचषकात आणि मग आयपीएलच्या पहिल्या हंगामात बुडालेलो होतो. मीही होतो, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

हा चषक दिल्लीत आला कसा, ती गोष्ट मोठी आहे. 1888 मध्ये शिमल्यात, अ‍ॅनन्डेलच्या मैदानावर, तो सुरू झाला. सुरू करणारे सर मॉर्टिमर ड्युरँड हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव. पाच वर्षांनी अफगाणिस्तानच्या सीमेवर जी रेषा आखली गेली आणि जिच्यावरून आजही माणसं मरतात, ती ड्युरँड रेषाही यांचीच. पहिला अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन स्कॉटिश पलटणींत झाला, निकाल 2-1. पुढची पन्नास वर्षं हा गोऱ्या सोजिरांचा घरगुती मामला होता. आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून आज तिचा तोरा मिरवला जातो खरा, पण तेव्हा आपली माणसं फार तर कडेला उभी राहून पाहत असणार.

1940 मध्ये स्पर्धा शिमल्याहून दिल्लीत उतरली आणि त्याच वर्षी मक्तेदारी मोडली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून बांधलेल्या आयर्विन अ‍ॅम्फीथिएटरमध्ये, म्हणजे आजच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियममध्ये, कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. मग महायुद्ध, फाळणी, आणि 1950 पर्यंत चषक कपाटात. पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी हैदराबाद सिटी पोलिसांनी मोहन बागानला हरवून तो नेला. 1953 ची गंमत वेगळीच: मोहन बागानसमोर अंतिम सामन्याला उभी होती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पोरं. प्रबोधिनी तेव्हा खडकवासल्याला यायची होती, मुक्काम डेहराडूनला होता. पोरं 4-0 अशी हरली. पण मिसरूड फुटलेल्या कॅडेटांनी तिथवर मजल मारली, यातच त्या काळच्या लष्करी फुटबॉलची ताकद दिसते.

स्पर्धा लष्कराची, त्यामुळे थाटही लष्करी. अंतिम सामन्याला पलटणींची बँडपथकं, गणवेशातले जवान, शिस्तीत लागलेल्या रांगा. जिंकणाऱ्याला एक नव्हे, तीन चषक मिळतात. मूळ ड्युरँड चषक आणि शिमल्याच्या नागरिकांनी 1904 मध्ये दिलेला शिमला चषक, हे दोन्ही फिरते, पुढच्या वर्षी परत करायचे. तिसरा राष्ट्रपती चषक. राजेंद्रप्रसादांनी तो 1956 मध्ये सुरू केला आणि तो विजेत्याकडे कायमचा राहतो. ही तिसऱ्या चषकाची बाब लक्षात असू द्या.

दिल्लीच्या मैदानावर वैर म्हणजे अर्थातच कोलकात्याचे ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दिल्लीच्या दक्षिण टोकाला जागा मिळाली. ‘ईपीडीपी कॉलनी’ असं रूक्ष सरकारी नाव असलेली ती वसाहत आज चित्तरंजन पार्क म्हणून ओळखली जाते. ज्यांचं घर पद्मेपलीकडे राहिलं, त्यांच्यासाठी ईस्ट बंगाल हा निव्वळ क्लब नव्हता, गावचा पत्ता होता. जिंकले तर घरी हिलसा शिजायचा. मोहन बागानवाल्यांची कोळंबी. हे दोघे ड्युरँडच्या अंतिम सामन्यात वारंवार भेटले. 1960 आणि 1982 मध्ये निकाल लागेना म्हणून चषक वाटून घेतला, 1978 मध्ये ईस्ट बंगालने 3-0 असा धुव्वा उडवला, 2004 मध्ये 2-1 अशी सरशी केली. सामना दिल्लीत, पण गॅलरीत भांडण कोलकात्याचं. दिल्ली नुसती जागा द्यायची. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात मुक्कामाला उतरणारी मंडळी पाहिली की मला नेहमी वाटतं, या शहराचं काम बहुतेक तेच आहे: दुसऱ्यांच्या गावाला चार दिवस जागा देणं.

आपल्याकडचे ते दोन संघ, महिंद्रा आणि चर्चिल, असे भांडायला आले तेव्हा गॅलरीत मागे कोण होतं, हा प्रश्न मला छळतो. चर्चिल ब्रदर्सचं उत्तर सोपं आहे. दक्षिण गोव्यातल्या आलेमाव कुटुंबाचा हा क्लब, 1988 मध्ये उभा राहिला. नावातले ‘ब्रदर्स’ म्हणजे खरोखरचे भाऊ. त्यातले चर्चिल आलेमाव 1990 मध्ये थोडे दिवस गोव्याचे मुख्यमंत्रीही होते. डेंपो आणि साळगावकर हे गोव्यातल्या खाणमालकांचे क्लब. त्यांच्या मानाने चर्चिल म्हणजे सासष्टीचा मोकळाढाकळा गडी, मालक मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणारा. गोव्यात फुटबॉल चर्चच्या पटांगणात आणि भात कापलेल्या शेतात खेळलं जातं, त्यामुळे क्लब कुणाचाही असो, त्याला वाडा असतो, वाड्याला आवाज असतो.

महिंद्राचं तसं नव्हतं. 1962 मध्ये सुरू झालेला हा कंपनीचा संघ. मुंबईचं फुटबॉल वर्षानुवर्षं असंच चाललं: एअर इंडिया, आरसीएफ, बँका, रेल्वे. खेळाडूला नोकरी, हजेरीपटावर नाव, दुपारनंतर सरावाची सुट्टी. पोरं यायची वांद्रे, माहीम, कलिना, नागपाड्यातून. खेळायची कूपरेजला, जिथे फुटबॉल आणि मंत्रालय यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर. या व्यवस्थेला नावं ठेवण्याची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. गुडघा गेला तरी घरात पगार येईल, ही खात्री देणारी दुसरी कुठली योजना आपल्या देशातल्या फुटबॉलपटूला मिळाली होती? मात्र तिची एक उणीव होती. कंपनीला खेळाडू असतात, गिऱ्हाइकं असतात. चाहते तिला लागत नाहीत, म्हणून ती जमवतही नाही.

आणि तरी संघ खणखणीत होता. ड्युरँड 1998 आणि 2001 मध्ये जिंकलेला. 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला, तीही डेरिक परेरा या गोवेकर प्रशिक्षकाच्या हाताखाली. मुंबई-गोवा वैर असं सरमिसळीचं होतं, गोव्याची अर्धी माणसं मुंबईच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहूनच तर मोठी झाली. ऑगस्ट 2007 मध्ये याच आंबेडकर स्टेडियमवर भारताने नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाला 1-0 असं हरवलं, तो एकमेव गोल एन. पी. प्रदीपचा. प्रदीप महिंद्राचाच. समोरचा चर्चिलही ऐन भरात होता. 2007-08 च्या पहिल्या आय-लीगमध्ये डेंपोच्या बरोबरीने गुण मिळवून केवळ गोलफरकाने मागे राहिला, आणि पुढच्याच हंगामात त्याने लीग जिंकली. म्हणजे ड्युरँडमधले ते दोन सामने देशातल्या अव्वल संघांमधले होते, कुणी उरलेसुरले अंतिम फेरीत पोचले असा प्रकार नव्हता.

2010 मध्ये महिंद्रा कंपनीने संघ बंद केला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं कारण दिलं गेलं. 2008 मध्ये जिंकलेला राष्ट्रपती चषक नियमाप्रमाणे क्लबकडे कायमचा आला होता. क्लब दोन वर्षंही टिकला नाही. कोलकात्यात असं काही झालं असतं तर रस्ते बंद पडले असते. मुंबईत एक बातमी आली आणि आपण पान उलटलं. 2012 मध्ये तर ड्युरँडच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ मुंबईचे होते, एअर इंडिया आणि डॉडसल. एअर इंडियाने चषक नेला. पुढच्याच वर्षी क्लब परवान्याच्या नव्या अटींत न बसल्याने एअर इंडिया आय-लीगबाहेर फेकला गेला. अटी व्यावसायिक क्लबांसाठी लिहिलेल्या, सरकारी कंपनीचा संघ त्यात कसा बसणार?

चषकालाही पाय फुटले. 2014 मध्ये तो गोव्यात झाला आणि साळगावकरने पुणे एफसीला 1-0 असं हरवलं. मग 2016 चा अपवाद सोडता खंड पडला. 2019 पासून मुख्य मुक्काम कोलकात्याला. तिथे 2021 मध्ये एफसी गोवा जिंकला, 2022 मध्ये मुंबई सिटी अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून 2-1 अशी हरली. मुंबई आणि गोवा पुन्हा आले, पण नवी नावं, नवे मालक, नवे रंग घेऊन. त्या जुन्या दोघांतला चर्चिल मात्र 2024-25 च्या हंगामातही आय-लीगमध्ये झुंजत होता.

दिल्लीतला ड्युरँडचा शेवटचा अंतिम सामना आंबेडकर स्टेडियमवरच, सप्टेंबर 2016 मध्ये, आर्मी ग्रीन आणि मणिपूरच्या नेरोका यांच्यात झाला. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर फौजींनी बाजी मारली. तोवर तिथे पोचायचं तर बसमधून लोंबकळत जावं लागे. मे 2017 मध्ये मेट्रोचं दिल्ली गेट स्टेशन सुरू झालं. आता जिना चढून वर आलं की मैदान चालत पाच मिनिटांवर आहे.