कुंडीतील कोरफड

ज्या परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले, तेथे मातीविषयी बोलणे म्हणजे काशीत गंगाजळ विकण्यासारखे आहे. पण मी शेताविषयी बोलणार नाही. माझा विषय उंबऱ्याजवळच्या एका कुंडीपुरता आहे.

जिंतूरला माझी आत्या राहत असे. कोणाला चटका बसला की तिच्या परसातली कोरफड उपयोगी पडे. एकदा निघताना तिने एक रोप माझ्या हाती दिले. मी ते उत्तम काळ्या मातीत लावले आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले. पावसाळा सरण्यापूर्वीच बुंधा लिबलिबीत होऊन रोप आडवे झाले. माझ्या हातून काही उणे राहिले होते काय? नाही, अधिक झाले होते.

दाराच्या चौकटीवर उलटी टांगलेली कोरफड आपण पाहतो. माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते. याचे कारण असे, की बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून कर्बवायू घेतात आणि त्या वेळी पाणीही उडून जाते. कोरफड, पानफुटी, निवडुंग ही मंडळी छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा दारे मिटून अन्न शिजवतात. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात पानफुटीची पाने चाखली, तेव्हा ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. (आपण मात्र चाखण्याच्या भरीस पडू नये.)

अशा काटकसरी झाडाला आपली काळी माती मानवत नाही. ती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. वाळली की आकसते आणि भेगाळते. कापसाला, ज्वारीला हा ओलावा वरदान आहे. कुंडीत मात्र मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून दोन भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि जुनीपेक्षा दोनच बोटे रुंद घ्यावी. मोठ्या कुंडीत ओल फार काळ राहते.

कुंडी बदलण्यास माघ-फाल्गुन किंवा पावसाचा जोर ओसरल्यानंतरचे दिवस चांगले. आजचा वैशाखवणवा टाळावा. आधी आठवडाभर पाणी तोडावे. मग रोप अलगद काढून माती झटकावी आणि काळी, मऊ पडलेली मुळे कापावी. बुंध्याशी आलेली, स्वतःची मुळे फुटलेली पिल्ले वेगळी करावी. ती लगेच लावू नयेत. दोन-चार दिवस सावलीत ठेवली म्हणजे जखमेवर खपली धरते. ओली जखम मातीत गेली तर बुरशीला वाट मिळते. लावल्यावर आठवडाभर पाणी नको. पुढे बोट दोन पेरे खुपसून पाहावे, आणि माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

पानफुटीची रीत निराळी. तिच्या पानाच्या कडेच्या खाचांत कोंब सुप्त असतात. पान ओलसर मातीवर नुसते ठेवले तरी तेथून रोपे उठतात. कोरफडीच्या पानात असे कोंब नाहीत, म्हणून पान खोचून रोप होत नाही. निवडुंगाचा आणि शेराचा तुकडा वाळवून लावता येतो. पण शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा करतो, हे विसरू नये.

पिल्ले झाली की ती सगळी घरात ठेवू नका. आत्या पुढे वारली, तिचे परसही राहिले नाही. पण तिने एक पिल्लू शेजारणीला दिले होते. त्याच्या वंशातले एक रोप आज माझ्या दाराशी आहे, आणि त्याला मी रोज पाणी घालीत नाही.