अफूजन्य पदार्थांची विरतिलक्षणे

अफू, मॉर्फिन, हेरॉइन यांसारखे पदार्थ दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीने ते अचानक थांबवल्यास जो शारीरिक व मानसिक त्रास उद्भवतो, त्यास अफूजन्य पदार्थांची विरतिलक्षणे म्हणतात. महाराष्ट्रात अशुद्ध हेरॉइनला गर्द किंवा ब्राऊन शुगर आणि या त्रासाला व्यसनींच्या बोलीत ‘टर्की’ असे म्हटले जाते.

मेंदूतील बदल

मध्यमेंदूतील काही चेतापेशी डोपामिन या रासायनिक संदेशवाहकाद्वारे सुखाशी व प्रेरणेशी संबंधित केंद्रांना संदेश पाठवतात. एरवी या पेशींवर इतर पेशींचे नियंत्रण असते. मॉर्फिन ते सैल करते. त्यामुळे डोपामिन वाढते आणि पदार्थ पुन्हा घेण्याची ओढ निर्माण होते.

शारीरिक लक्षणांचे मूळ मात्र बरेचसे मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियस या लहानशा केंद्रात आहे. तेथील पेशी नॉरअॅड्रेनालिन स्रवून शरीराला सावध ठेवतात. अफूजन्य पदार्थ त्यांचे कार्य दडपतात. हे दडपण सतत राहिल्यास पेशी आपली अंतर्गत रासायनिक यंत्रणा वाढवून जुळवून घेतात आणि पदार्थ शरीरात असतानाही जवळजवळ पूर्ववत काम करू लागतात. म्हणूनच तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. पदार्थ थांबताच दडपण जाते, वाढलेली यंत्रणा मात्र तशीच राहते व नॉरअॅड्रेनालिन बेसुमार स्रवते. घाम येतो, अंगावर काटा उभा राहतो, हृदयाचे ठोके वाढतात. लक्षणे पदार्थाच्या परिणामांच्या उलट असतात: आकुंचित बाहुल्या विस्फारतात, बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब होतात. हेरॉइनच्या बाबतीत ती साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्र होतात आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतात. निरोगी प्रौढात ती सहसा जीवघेणी नसतात; या बाबतीत दारू अचानक सोडणे अधिक धोक्याचे आहे.

ताणयंत्रणा

मानसिक त्रास अधिक रेंगाळतो. वाइली व्हेल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ओळखलेले सीआरएफ हे संप्रेरक ताणाच्या वेळी पोष ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल स्रवण्यास प्रवृत्त करते. विरतीच्या काळात अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागातही ते वाढते. त्याच वेळी डोपामिनची यंत्रणा मंदावलेली असते. परिणामी चिडचिड, अनामिक भीती व निद्रानाश जाणवतो. जॉर्ज कूब यांच्या मांडणीनुसार या टप्प्यावर व्यसनी सुखासाठी कमी आणि या यातनेतून सुटण्यासाठी अधिक पदार्थ घेतो. सीआरएफ रोखणारी औषधे प्राण्यांत प्रभावी ठरली; मद्यासक्त माणसांवरील चाचण्यांत मात्र अपेक्षित गुण आला नाही.

उपचार

क्लोनिडीन नॉरअॅड्रेनालिनचा स्राव कमी करून शारीरिक लक्षणे सौम्य करते. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे हेरॉइनच्याच ग्राहींवर, पण संथपणे व दीर्घकाळ कार्य करतात. त्यांना ‘एका व्यसनाऐवजी दुसरे’ म्हणणे योग्य नाही, कारण त्यांमुळे मृत्यूचे प्रमाण घटते. केवळ लक्षणे ओसरेपर्यंत उपचार करून थांबणे धोक्याचे असते. काही आठवड्यांच्या विरतीनंतर सहनशीलता कमी झालेली असते, ताणामुळे उसळणारी ओढ मात्र टिकून असते. अशा वेळी घेतलेली जुनीच मात्रा श्वसन थांबवू शकते. नॅलोक्सोन वेळेत दिल्यास हा परिणाम उलटवता येतो.