एकच खेळ की अनेक? आपल्या अंकाचं काय करायचं

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे बघा ना' म्हणालो, तेवढं गाळलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात शिरपूरपासून करतो. मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. माझा मामेभाऊ अकरावीला आहे. तो आणि त्याचे चार मित्र शनिवारी रात्री गच्चीवर रोलप्लेइंग गेम खेळतात. पुस्तक नाही, महागडे फासे नाहीत. फाशांसाठी मोबाईलवर एक फुकट अॅप, आणि वहीच्या एका पानावर लिहिलेले स्वतःचे नियम. मी त्याला मोठ्या कौतुकाने आमच्या ग्रुपच्या अंकाची पीडीएफ पाठवली होती. चोवीस पानं, पाच जणांची तीन महिन्यांची मेहनत. त्याने सगळी वाचली आणि म्हणाला, "दादा, भारी शे. पण यामा आमना कामनं काय शे?"

मी गप्प. कारण उत्तर होतं, फारसं काही नाही. अंकातला प्रत्येक राक्षस, प्रत्येक सापळा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या आकड्यांत लिहिलेला. ते पुस्तक ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी अर्धी पानं म्हणजे नुसती आकडेमोड.

परत पुण्याला आल्यावर मी ग्रुपवर विषय काढला: आपला अंक एकाच खेळाचा असावा की अनेक खेळांचा? आमचा डीएम जाम भडकला. दोन आठवडे ग्रुपवर एकही मेसेज नाही. म्हणून म्हटलं, हा प्रश्न नीट उलगडून बघू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी

चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो डीएम किंवा गेम मास्टर. बाकीचे एकेक पात्र होतात. "मी भिंतीवर चढतो" म्हटलं की फासा टाकायचा, आणि जमलं की नाही ते नियमांवरून ठरवायचं. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात तेच हे. यातला पहिला प्रसिद्ध खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली आला. आज असे शेकडो खेळ आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

दोन मासिकांची गोष्ट

अमेरिकेत डी अँड डीच्या कंपनीने, म्हणजे टीएसआरने, १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' सुरू केलं. सुरुवातीला त्यात इतर खेळांवरही लेख यायचे. हळूहळू ते जवळपास फक्त डी अँड डीचं झालं. फायदा उघड होता. वाचकाला माहीत असायचं की अंक उघडला की आजच्या रात्रीच्या खेळात वापरता येईल असं काहीतरी मिळणार.

इंग्लंडमध्ये १९७७ साली 'व्हाइट ड्वार्फ' आलं. संपादक इयन लिव्हिंगस्टन, कंपनी गेम्स वर्कशॉप. ही मंडळी तेव्हा बाहेरचे खेळ आणून विकायची, त्यामुळे मासिकात डी अँड डी, ट्रॅव्हलर, रुनक्वेस्ट असं सगळं असायचं. त्यात 'फीन्ड फॅक्टरी' नावाचं सदर होतं. वाचकांनी स्वतः बनवलेले राक्षस पाठवायचे आणि मासिकाने ते छापायचे. १९७९ मध्ये चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या एका शाळकरी पोराचे 'गिथयांकी' त्यात छापून आले. तो पुढे मोठा विज्ञानकथा लेखक झाला. आणि गिथयांकी? तुमच्यापैकी कुणी 'बाल्डर्स गेट ३' खेळलं असेल तर त्यातली लाएझेल आठवा. ती गिथयांकीच. एका पोराने मासिकाला पाठवलेली कल्पना चाळीसेक वर्षांनी तुमच्या स्क्रीनवर आली.

पुढे गेम्स वर्कशॉपचे स्वतःचे वॉरहॅमरचे खेळ चालायला लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'व्हाइट ड्वार्फ' फक्त त्यांच्याच मालाचं झालं. जुने वाचक चिडले. पण खरं बोलायचं तर ते मासिक आजही चालू आहे. म्हणजे 'एका खेळाचं मासिक टिकत नाही' हा माझा पहिला मुद्दा इथेच पडला. ते टिकतं, पण मागे कंपनी असेल तर.

आणि कंपनीने हात काढला तर? 'ड्रॅगन' नंतर पायझो नावाची वेगळी संस्था लायसन्सवर छापत होती. २००७ मध्ये मालक कंपनीने, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टने, लायसन्स पुढे वाढवलं नाही. सप्टेंबर २००७ चा ३५९ वा अंक हा छापील 'ड्रॅगन'चा शेवटचा. मासिकात खोट नव्हती, वाचकही होते. फक्त नाव दुसऱ्याचं होतं. पायझोने मग स्वतःची साहसं छापायला घेतली आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळच काढला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. तुमचं सगळं अॅप एकाच कंपनीच्या सर्व्हिसवर उभं असेल, तर एका सकाळी तिच्या अटी बदलतात आणि तुमचा शनिवार-रविवार जातो.

आपल्याकडचं उलटं उदाहरण

हे शोधताना मला घरचंच उदाहरण सापडलं. १९२० साली किर्लोस्करवाडीत 'किर्लोस्कर खबर' निघालं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. म्हणजे तसं बघितलं तर 'एकाच मालाचं' मासिक. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात इतर विषय आणायला सुरुवात केली. ते वाढत वाढत सगळ्या महाराष्ट्राचं मासिक झालं, नावातलं 'खबर' गेलं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडंही आली.

'व्हाइट ड्वार्फ' रुंद होतं ते अरुंद झालं. 'किर्लोस्कर' अरुंद होतं ते रुंद झालं. दोघांच्याही मागे कारखाना होता. फरक इतकाच की एका संपादकाने विचारलं, 'आमचा माल घेणाऱ्याला काय हवं?' आणि दुसऱ्याने विचारलं, 'वाचणाऱ्याला काय हवं?' आमच्या अंकामागे तर कारखानाच नाही. मग आम्ही कुणाचा माल खपवतोय?

डीएमची बाजू

आता त्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात दम आहे.

एक, अनेक खेळांचा अंक काढला तर प्रत्येक वाचकाच्या कामाची चारच पानं उरतात. दोन, आम्ही पाच जण नोकऱ्या सांभाळून खेळतो. छापण्याआधी खेळून बघणं एकाच खेळात जमतं. पाच खेळांत न तपासलेलं छापलं, तर कुणाच्या तरी शनिवारचा विचका होणार. तीन, आकडे नसले की सगळं काम डीएमच्या डोक्यावर येतं. "राक्षस खूप ताकदवान आहे" म्हणजे नेमका किती?

तिन्ही मुद्दे मला मान्य. पण मग मामेभावाला काय सांगू?

प्रश्नच थोडा बदलू

मला वाटतं आम्ही चुकीच्या जागी रेघ मारत होतो. खरी रेघ 'एक खेळ' आणि 'अनेक खेळ' यांच्यात नाही. ती आहे 'नियमांना बांधलेलं पान' आणि 'कुठेही चालणारं पान' यांच्यात.

उदाहरण देतो. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी, त्यांच्या कबरीही तिथेच. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला. साहसाला याहून चांगली जागा कुठली? समजा आमच्या कथेत तिथे एक बंद दार आहे. जुन्या अंकात आम्ही लिहिलं असतं: 'दार, डीसी १५.' बस्स. आता असं लिहू: 'सागवानी दार, खालून वाळवी लागलेलं. दोघांनी मिळून धक्का दिला तर तुटेल, पण आवाज नदीपल्याड जाईल. एकट्याने हळूच उचकटायचं तर वेळ लागेल, आणि तेवढ्यात गस्तवाला येईल.'

हे कुठल्याही नियमांत चालतं. वहीच्या पानावरच्या सुद्धा. आणि गंमत म्हणजे, पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यालाही यातून जास्त मिळतं, कारण आता पोरांना निवड करायची आहे.

आकडे हवेतच. ते शेवटच्या दोन पानांवर चौकटीत. डी अँड डीचे देता येतील, कारण जानेवारी २०२३ मध्ये लायसन्सवरून मोठा गदारोळ झाल्यावर विझर्ड्सने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. श्रेय दिलं की झालं. दुसरी चौकट गच्चीवरच्या वहीची. ती मामेभाऊ आणि त्याचे मित्र लिहिणार, खेळून बघून.

डीएम शेवटी "तीन अंक करून बघू" एवढंच म्हणाला. पहिल्या चौकटीचे आकडे त्याच्याकडेच आहेत. तीन अंकांत ते जुळवायचं काम त्याला डोईजड झालं, तर त्याचं ऐकून मागे फिरू, असं मी कबूल केलंय.

थाळनेरचं साहस दिवाळीच्या अंकात येतंय. तुमच्याकडेही वहीतले नियम असतील तर फोटो पाठवा. कुठला खेळ आहे, हे आम्ही विचारणार नाही. शनिवारी कोण कोण बसतं, एवढं मात्र नक्की सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडला.