आधी कोणाचं पॅकेट?

मनमाडच्या महाविद्यालयात पुण्याहून ऑनलाइन व्याख्यान चालू आहे, असं समजा. शेजारच्या संगणक कक्षात वीस यंत्रांवर एकदम सॉफ्टवेअर उतरायला लागतं आणि इकडे मुलं ओरडतात, ‘सर, आवाज तुटतोय!’ मग जास्त वेगाचं कनेक्शन घेतलं जातं. पण डाउनलोड मिळेल तेवढी जागा खातं आणि ऐन गर्दीच्या वेळी पुन्हा तेच रडगाणं. खरं दुखणं लाइनपाशी लागणाऱ्या रांगेत आहे.

हिशेबच मांडू. आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा एका पॅकेटमधून जातो, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट. टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजाचा एक तुकडा 160 बाइटचा, तर फाइलचं पॅकेट 1500 बाइटपर्यंत. 10 मेगाबिटच्या लाइनवर एक मोठं पॅकेट जायला 1.2 मिलिसेकंद लागतात. अशी 200 पुढे उभी असली, तर 240 मिलिसेकंद रांगेतच गेले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. त्यात प्रत्येक पॅकेटचा उशीर वेगळा. या चढउताराला ‘जिटर’ म्हणतात आणि आवाज तुटतो तो बहुधा त्यानेच.

जंक्शनवर एक्स्प्रेस यायची असली की मालगाडी लूप लाइनला घेतात. त्यासाठी नवा रूळ टाकावा लागत नाही. राउटरलाही हे जमतं. 1998 सालच्या ‘डिफसर्व्ह’ मानकाने पॅकेटच्या मथळ्यात 6 बिटांची खूण ठरवून दिली. तिच्या 64 किमती होतात; थेट आवाजाला सहसा 46 देतात. तसं सांगून ठेवलं असेल, तर ही खूण दिसली की राउटर ते पॅकेट आधी सोडतो.

मात्र पथ्यं पाळावी लागतात. खूण कोणीही लावू शकतो, म्हणून ती कॅम्पसच्या स्विचवरच तपासायची. अग्रक्रमाच्या रांगेलाही मर्यादा हवी, नाहीतर बाकीचे उपाशी राहतात. बाहेरून येणारी पॅकेट तुंबतात ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या टोकाला. म्हणून डाउनलोडचा वेग लाइनच्या क्षमतेहून थोडा खाली बांधायचा, म्हणजे रांग आपल्याच राउटरवर लागते. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान काही सेकंद आधीच साठवता येतं, त्याला हा मान नको.

थेट तास आधी की सॉफ्टवेअर, हा निर्णय शैक्षणिक आहे. तो प्राचार्य आणि प्राध्यापकांनी लेखी ठरवावा. राउटर त्यांचं निमूट ऐकेल.